दोनशे चार खण

३ फेब्रुवारी

ठके,

तुला नोकरी लागली हे तुझ्या बापाने काल जेवताना सांगितलं. कुठे लागली ते सांगितलं तेव्हा माझा घास घशातच राहिला. तुझ्या आईने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की तिच्या मनात बरंच साचलं असावं.

म्हणजे चौकातलं ते बटणांचं दुकान अजून उभं आहे. सतराव्या वर्षी मी तिथे कामाला लागले, छत्तिसाव्या वर्षी सोडलं. त्यानंतर बेचाळीस वर्षांत तिकडे फिरकले नाही. तुझा बाप म्हणतो, ते आता जतन केलंय. जतन म्हणजे काय, विचारलं तर म्हणाला, सगळं होतं तसंच ठेवलंय, फक्त बटणं विकत नाहीत. मग काय विकतात? तर दुकानाचं चित्र काढलेले कप! लोक लांबून येतात, बंद पडलेलं दुकान बघतात, आणि त्याचं चित्र विकत घेऊन घरी जातात. चालू होतं तेव्हा यांना समोरच्या फुटपाथवरून इकडे यायचा कंटाळा होता.

मला एवढंच कळव. काउंटरची उचलायची फळी अजून करकरते का? मालकीणबाईंची उंच खुर्ची आहे का? खणांची भिंत आहे का?

फोन करू नकोस. फोन मधल्या खोलीत आहे, आणि मी बोलायला लागले की तुझी आई भाजी निवडायची थांबते. पत्र लिही. मला वाचता येतं.

आजी

९ फेब्रुवारी

प्रिय आजी,

फळी करकरते. मॅडम म्हणजे आमच्या व्यवस्थापिका. त्या म्हणतात, तो करकर आवाज मूळचा आहे, तेल घालायचं नाही.

खुर्ची आहे. तिच्या शेजारी काचेच्या पेटीत मालकीणबाईंचा चष्मा ठेवलाय, साखळीसकट. खाली कार्ड आहे: 'दुकानाचा सर्व पत्रव्यवहार त्या स्वतः वाचत.' काउंटरवर पितळी पाटी आहे, 'चिठ्ठी देऊ नये, तोंडाने सांगावे.' रविवारी मालकांचा नातू येऊन लोकांना दुकान दाखवतो. आम्ही त्याला धाकटे मालक म्हणतो. तो सांगतो, आजोबांना गिऱ्हाइकांशी गप्पांची फार आवड, म्हणून ही पाटी. दारावरची दुसरी पाटीही तशीच आहे, 'विकलेला माल परत घेतला जात नाही.' ती आम्ही कपांवर छापलीय. सगळ्यात जास्त तोच कप खपतो, आणि परवा एकाने तो परत आणला.

आणि खणांची भिंत! दोनशे सोळा खण, प्रत्येकाला पितळेची मूठ. खालच्या काही ओळींतले खण उघडतात, आत जुना माल ठेवलाय. वरचे चिकटवून टाकलेत.

आता कामाचं विचारते. पुसताना मला दिसलं की प्रत्येक मुठीच्या मागे, कुणाला दिसू नये अशा जागी, दोरा बांधलाय. कुठे निळा, कुठे पिवळा, कुठे हिरवा. कुठे एक गाठ, कुठे दोन, कुठे तीन. अठ्ठावीस तारखेला मुठी घासायला माणूस येणार आहे. मॅडम म्हणाल्या, या दोऱ्यांमागे काही गोष्ट असेल तर राहू देत, नसेल तर कापून टाका.

तू एकोणीस वर्षं होतीस तिथे. कशाचे दोरे आहेत गं? आणि एकदा ये ना बघायला.

तुझी ठकू

१३ फेब्रुवारी

ठके,

दोनशे सोळा नाहीत. सतरा ओळी, ओळीत बारा, दोनशे चार. तुझ्या मॅडमला म्हणावं, मोजताना बोट लाव.

मालकाला गप्पांची आवड! एकोणीस वर्षांत तो माणूस माझ्याशी चार वाक्यं बोलला, आणि त्यातली दोन एकाच शब्दाने सुरू होत होती. दुकान चालवायची ती मालकीणबाई. उंच खुर्ची, गळ्यात साखळीचा चष्मा, मांडीवर पेपर. मी पाठमोरी असले तरी तिची नजर माझ्या पाठीवरून इस्त्रीसारखी फिरायची. मी कधी चुकते याचीच वाट बघत बसलीय असं वाटायचं. घरी येऊन पाठ टेकली की ती नजर निघायची.

वर्षातून एकदा सगळे खण काढून झटकायचे. ते काम माझं. खुर्चीचा मागचा डावा पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी असायची. काढून टाकली नसेल तर अजून असेल. तिसऱ्या फळीवरच्या बरणीत मोती होते. ती बरणी मी एकदा सांडली आणि चार दिवस मोती वेचले. पाचव्या दिवशी एक तिच्या बुटात सापडला. तिने तो बरणीत टाकला आणि पेपर उलटला. तेच वाईट.

दोऱ्यांचं मला काही आठवत नाही. कोळिष्टकं असतील. काढून टाका.

यायचं जमणार नाही. गुडघे दुखतात.

आजी

१८ फेब्रुवारी

प्रिय आजी,

पुन्हा मोजले, बोट लावून. अठरा ओळी, दोनशे सोळा.

खुर्चीचा पाय बघितला. पुठ्ठ्याची घडी आहे! मॅडमनी तिचा फोटो काढला. म्हणजे बेचाळीस वर्षांपूर्वीचा पुठ्ठा तुला आठवतो, बुटातला मोती आठवतो, आणि दोनशे दोरे आठवत नाहीत. बरं.

दोरे आता कापणार नाहीत. धाकट्या मालकांनी गोष्ट सांगितली. कार्ड तयार आहे, दहा मार्चला छापायला जाईल. उतरवून देते:

'संस्थापकांची रंगसंकेत पद्धत. दुकानातील अशिक्षित नोकरवर्गाला माल ओळखता यावा म्हणून संस्थापकांनी स्वतःच्या कल्पकतेने ही पद्धत शोधून काढली व स्वहस्ते दोरे बांधले.'

मी विचारलं, कुठला रंग कशाचा? ते म्हणाले, ते गुपित आजोबांबरोबर गेलं.

अशिक्षित नोकरवर्ग म्हणजे कोण गं? तुझ्याबरोबर आणखी कोण होतं तिथे?

ठकू

२१ फेब्रुवारी

ठके,

माझ्याबरोबर तिथे कुणी नव्हतं.

स्वहस्ते! त्या माणसाच्या बुटाच्या नाड्या त्याची बायको बांधायची.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. घरी सांगितलंय की तुझ्याकडे राहून दात दाखवायला जाते. तुझी आई म्हणाली, दात तर इथेही बघतात. मी म्हटलं, इथला डॉक्टर माझे दात बघून बघून कंटाळलाय.

स्टॅंडवर ये. हात धरू नकोस.

आजी

२६ फेब्रुवारी

प्रिय आजी,

नीट पोचलीस असं बाबांनी कळवलं. दात कसा आहे, विचारत होते. मी म्हटलं, काढावा लागला नाही.

रविवारपासून तू माझ्याशी धड बोलली नाहीस. म्हणून मी जे पाहिलं ते लिहिते. चुकलं तर सांग.

आपण आत शिरलो. काउंटरपुढे लोकांना अडवायला मखमली दोरी आहे. तू ती सोडलीस, गुंडाळून माझ्या हातात दिलीस, फळी उचलून आत गेलीस. मॅडम म्हणाल्या, "अहो आजी, आत जायचं नसतं." तू म्हणालीस, "मग बाहेरून वस्तू कशी काढायची?" त्या बाजूला झाल्या.

तेवढ्यात धाकटे मालक दहा-बारा लोकांना घेऊन आले. ते नेहमी एक खेळ करतात. खणावरच्या चिठ्ठ्यांची अक्षरं उडालीत, तेव्हा लोकांनी ओळखायचं आत काय असेल, आणि मग ते खण उघडतात. त्यांनी एका खणाला हात लावला आणि तू म्हणालीस, "हूक. मधले." त्यांनी उघडला. हूक होते. दुसरा. "शर्टाची बटणं, बारीक." तिसरा. तू म्हणालीस, "फीत, पण ती उंदराने खाल्लेली असेल, खण नीट बसत नाही तो." खरंच खाल्लेली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटे मालक म्हणाले, "काय स्मरणशक्ती आहे आजींची!"

ती स्मरणशक्ती नव्हती. मी तुझ्या बाजूला उभी होते. प्रत्येक वेळी तू आधी मुठीखाली बोट घातलंस. बघत होतीस छताकडे.

मग एक बाई म्हणाली, "अगदी खालचा?" तू वाकलीस. बोट घातलंस. आणि तशीच फरशीवर बसलीस, गुडघे दुखणारी तू. त्या शेवटच्या ओळीतले बाराही खण बोटाने चाचपलेस, मुठींमागे वाकून बघितलंस, मग उघडून आतही पाहिलंस, एकामागून एक. मग कुणाकडे न बघता म्हणालीस, "मला गाडीवर सोड." धाकट्या मालकांनी तुला तो कप भेट दिला, तो तू काउंटरवर तसाच ठेवून आलीस. मॅडमनी त्याच्याखाली कार्ड लावायच्या आत मी तो उचलला.

आजी, ते दोरे तू बांधलेस ना? मग तसं सांगत का नाहीस? कार्ड अजून छापलेलं नाही. आणि खाली काय होतं?

ठकू

१ मार्च

ठके,

दार लाव आणि मग वाच.

दोरे माझे. मला वाचता येत नव्हतं.

शाळेत मी दीड वर्ष गेले. त्यातलं एक वर्ष धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाबाहेर उभी होते, कारण तो आत रडायचा. पुढे घरात माणसं वाढली आणि मला काम शोधावं लागलं. त्या दुकानात गेले. मालकाने विचारलं, "वाचता येतं?" मी म्हटलं, "येतं." तो म्हणाला, "ती पाटी वाच." दारावरची पाटी. मी म्हटलं, "विकलेला माल परत घेतला जात नाही." दुकानाच्या दारावर दुसरं काय लिहितात? तो म्हणाला, "उद्यापासून ये." त्याच्या चार वाक्यांतली ही तीन. उरलेलं एक मी नोकरी सोडली तेव्हाचं, आणि तेही 'उद्यापासून'नेच सुरू होत होतं.

दुसऱ्या दिवशी ती भिंत बघितली. दोनशे चार खण, सगळे एकसारखे, प्रत्येकावर चिठ्ठी. जागा पाठ करून उपयोग नव्हता. वर्षातून एकदा खण झटकले की जागा बदलायच्या. मग मी दुपारी, दुकान बंद असायचं तेव्हा, रोज सहा खण उघडायची, आत काय आहे बघायची आणि मुठीमागे दोरा बांधायची. निळा म्हणजे बटण. पिवळा म्हणजे हूक, टाचण्या, जे काही टोचतं ते. हिरवा म्हणजे फीत आणि लेस. निळा रेशमी, पिवळा सुती, हिरवा लोकरीचा, म्हणून न बघताही बोटाला कळायचे. एक गाठ बारीक, दोन मधलं, तीन मोठं. चौतीस दिवसांत भिंत झाली. गिऱ्हाइकाला वाटायचं मी चिठ्ठी बघून खण ओढते. डोळे चिठ्ठीवर, बोट दोऱ्यावर.

असं रोज बघून बघून चिठ्ठ्याच वाचता यायला लागल्या. आत काय आहे ते माहीत असलं की वर काय लिहिलंय ते हळूहळू कळतं. तिसऱ्या वर्षी मला दोनशे शब्द वाचता येत होते आणि ते सगळे बटणांचे होते. 'काळे, चार भोकांचे, मोठे' मी एका दमात वाचायची. 'आई' वाचता येत नव्हतं. लग्न ठरल्यावर तुझ्या आजोबांचं पहिलं पत्र आलं, त्यातला एकच शब्द मला लागला: 'लाल'. दोन दिवस मी त्या लालवरून काय काय समजून बसले. पुढे नीट वाचता यायला लागल्यावर ते पत्र काढून बघितलं. ते ज्या बसने यायचे तिचा रंग होता.

बाकीचं तुझ्या बापाच्या पहिलीच्या पुस्तकांवर शिकले. ती मी त्याच्या आधी संपवली. तुझ्या आजोबांना हे माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. ते रोज पेपर मोठ्याने वाचायचे. मला वाटायचं, खोड आहे.

हे मी कुणाला सांगितलं नाही. म्हणून तुला लिहिलं, काढून टाका. मुठी पितळेच्या आणि उघडं पडायचं ते पितळ माझं. कापले असते तर मी शांत झाले असते. पण तो स्वहस्ते काही माझ्या घशाखाली उतरेना.

आता खालच्या ओळीचं.

ती ओळ माझी नाही. मी होते तोवर तिथे नुसती फळी होती. त्या खणांत कपड्यांना लावायच्या चेन आहेत, आणि मी सोडलं तेव्हा त्या दुकानात चेन येत नव्हत्या. म्हणजे मी गेल्यावर कुणीतरी बारा खण बसवले आणि त्यांना माझ्यासारखेच दोरे बांधले. चेनला जांभळा. मी असते तर राखाडी घेतला असता. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी, सगळं माझ्या हिशोबाने. पण गाठ उलटी वळलेली. डावखुऱ्या हाताची. त्या दुकानात डावखुरी एकच होती, उंच खुर्चीवरची.

मी फरशीवर का बसले, ते आता तुला कळलं असेल. मला तिथे बसूनच कळलं.

शिंप्यांच्या चिठ्ठ्या यायच्या, दोन डझन हे, तीन वार ते. मालकीणबाई ती चिठ्ठी माझ्याकडे सरकवायची. "बघ गं, माझ्या चष्म्यावर धूळ बसलीय." मी चिठ्ठी धरायची आणि शिंप्याच्या माणसाला म्हणायची, "अक्षर आहे का कोंबडीचे पाय? तोंडाने सांग काय हवंय." ती वरून म्हणायची, "बरोबर आहे. तोंडाने सांगायला काय होतं?" सहा महिन्यांनी तिने ती पितळी पाटीच करून घेतली. मला वाटलं, माझ्यामुळे त्रास होतो म्हणून. एकोणीस वर्षं मी तिला फसवत होते या आनंदात होते, आणि ती मला फसवत होती.

ज्याला पोहता येत नाही त्याला दुसऱ्याची गटांगळी लगेच ओळखू येते. ती माझी चूक व्हायची वाट बघत नव्हती. ती दोरे शिकत होती.

मी सोडलं तेव्हा ती म्हणाली, "नवी मुलगी ठेवणार नाही. माझं मी बघीन." आणि निरोपाला तीन रिळं दिली दोऱ्याची. निळं, पिवळं, हिरवं. एकोणीस वर्षांची नोकरी आणि तीन रिळं. मी स्टॅंडपर्यंत तिच्या कंजूषपणाला शिव्या घालत गेले.

त्या पेटीतला चष्मा एकदा डोळ्याला लावून बघ. कुणी नसताना.

माझं काय सांगायचं ते खुशाल सांग. अठ्ठ्याहत्तर झाली, आता मला कोण कामावरून काढतंय! तुझ्या बापाला मी सांगते. तिचं मात्र माझ्याशी बोलल्याशिवाय कुणाजवळ बोलू नकोस.

आजी

५ मार्च

प्रिय आजी,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा बसमध्ये वाचलं, दार नव्हतं, माफ कर.

काल पेटी पुसायची माझी पाळी होती. चष्मा डोळ्याला लावला. काही बदललं नाही. भिंतीवरची पाटी होती तशीच दिसली, माझा हात होता तसाच. साधी काच आहे आजी. नंबरच नाही.

मॅडमना तुझ्यापुरतं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, धाकट्या मालकांचं कार्ड रद्द. त्यांनी नवीन लिहिलंय: 'निरक्षरतेशी झुंजणाऱ्या एका सामान्य स्त्रीची प्रेरणादायी कहाणी.' धाकटे मालक थोडे हिरमुसले. पण रविवारी तुझं बोट मुठीखाली जाताना त्यांनीही पाहिलं होतं म्हणे. त्यांचं एवढंच म्हणणं आहे की शेवटी 'संस्थापकांच्या उदार आश्रयाखाली' हे शब्द घालावेत.

आणि आजी, मला वाटतं मालकीणबाईंचंही सांगायला हवं. विचार कर ना! एक जण दोरे बांधतेय, दुसरी खुर्चीवरून शिकतेय, दोघींना एकमेकींचा पत्ता नाही. तो चष्मा आणि ती खालची ओळ शेजारी शेजारी ठेवली तर लोक रांगा लावतील. धाकट्या मालकांना मी समजावीन. दहा तारखेला छापायला जायचंय. हो म्हण.

ठकू

८ मार्च

ठके,

आधी माझं.

'झुंजणाऱ्या' काढ. मी कुणाशी झुंजले नाही, हूक विकले. 'प्रेरणादायी' काढ. 'सामान्य' कोण म्हणालं? तेही काढ. आणि आश्रय नव्हता, पगार होता. तोही वेळेवर नव्हता, पण ते लिहू नकोस, मेलेल्या माणसाला आता काय उत्तर देता येणार?

असं लिही: 'हे दोरे या दुकानात काम करणाऱ्या बाईने बांधले. तिला वाचता येत नव्हतं. बांधता बांधता यायला लागलं. निळा बटण, पिवळा हूक, हिरवा फीत. एक गाठ बारीक, दोन मधलं, तीन मोठं.' बास. जांभळ्याचं लिहायचं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, माहीत नाही.

तुझ्या बापाला सांगितलं. त्याने बराच वेळ चमचा नुसता फिरवला. मग म्हणाला, "म्हणून मी पहिलीत 'क' काजाचा म्हणालो होतो. सगळा वर्ग हसला होता." अठ्ठेचाळीस वर्षं धरून बसला होता पोटात. तुझी आई म्हणाली, "मग तो डबा घासायचा आहे तो कधी घासणार?" मला बरं वाटलं. कुणीतरी नेहमीसारखं बोललं.

आता तिचं. नाही.

तुझं म्हणणं मला कळतं. लोक रांगा लावतील. लावू देत, दुसरीकडे. माझं पितळ मी उघडं केलं, कारण ते माझं होतं. तिचं ती बरोबर घेऊन गेली. साधी काच गळ्यात बांधून ती बाई आयुष्यभर उंच खुर्चीवर बसली, ती काय तू पुसायच्या फडक्याने उघडी पाडावीस म्हणून? तिचा नातू त्या पेटीसमोर उभा राहिला की त्याचा आवाज बदलतो. रविवारी मी ऐकला. आजोबांबद्दल बोलताना तो पाठ केलेलं बोलतो, आजीबद्दल बोलताना नाही. ते त्याचं तसंच राहू दे. आम्ही दोघींनी एकोणीस वर्षं अळीमिळी गुपचिळी केली आणि एकमेकींनाही कळू दिलं नाही. आता तिसरीने येऊन मध्ये तोंड घालायचं नाही, ती माझी नात असली तरी.

सोबत पाकिटात वीतभर निळा दोरा आहे. तिने दिलेल्या रिळातला. बाकीची दोन संपली, निळं थोडं उरलं होतं. नव्या कार्डाच्या खालच्या कोपऱ्याला भोक पाड आणि हा बांध. ज्याला कार्ड वाचता येणार नाही त्याला निदान कळेल की इथे काहीतरी आहे. निळा म्हणजे बटण, पण तेवढं चालवून घेतील. एकच गाठ मार. उजव्या हाताने.

तो कप पाठवून दे. फुकट मिळालेला आहे, परत घ्यायचा प्रश्न येत नाही.

आणि चष्म्याची पेटी रोज पुसत जा, पण आतल्या चष्म्याला पुन्हा हात लावू नकोस. कुणी डोळ्याला लावून बघायला मागितला तर सांग, नंबर फार मोठा आहे, डोळे दुखतील.

आजी